गावापासून सेवेपर्यंतचे अंतर कसे मोजावे आणि ग्रामसभेपुढे कसे मांडावे

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे शहराशी असलेले नाते वेगळे आहे. करवीर किंवा हातकणंगले तालुक्यातील माणूस सकाळी दवाखान्यात जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो. चंदगड मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तेथील लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. शिरोळ तालुक्यातील माणसे उपचारासाठी सहज मिरज गाठतात. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड आणि आजरा या तालुक्यांच्या डोंगरी भागात तर तालुक्याच्या गावाला जाऊन येणे यातच अनेकदा अख्खा दिवस मोडतो. शासकीय तक्त्यात मात्र या सगळ्याची नोंद एकाच आकड्याने होते : जवळच्या आरोग्य केंद्राचे अंतर अमुक किलोमीटर, बँकेचे अमुक, माध्यमिक शाळेचे अमुक.

हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. ज्या वाड्यांवर एसटी दिवसातून एकदा येते किंवा येतच नाही, त्यांपैकी अनेक ठिकाणी दूध संस्थेचे संकलन सकाळ-संध्याकाळ चुकत नाही. रस्ता तोच, चढ तोच, पाऊसही तोच. दुधाला शहर जवळ असते आणि त्याच घरातल्या बाळंतिणीला ते लांब असते, याचे कारण किलोमीटरमध्ये सापडत नाही. ते वेळापत्रकात आणि व्यवस्थेत सापडते. अंतराचा हा व्यवस्थेने तयार केलेला भाग वेगळा काढून मोजता येतो आणि मोजल्यावर तो कमी करण्याची नेमकी मागणीही करता येते. त्यासाठी गावाने स्वतःचे एक अंतरपत्रक तयार करावे. ते कसे करावे आणि पुढे त्याचे काय करावे, हे येथे सांगितले आहे.

काय मोजायचे ते आधी ठरवावे

पहिल्याच बैठकीत उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस सेवांची यादी होते आणि मग एकही नोंद पूर्ण होत नाही. सात-आठ सेवा पुरेशा आहेत : प्रसूती, सर्पदंश व अपघातासारखी तातडीची आरोग्यसेवा, रक्तदाब व मधुमेहाची नियमित औषधे, आठवीनंतरची शाळा, दहावीनंतरचे महाविद्यालय, रोख पैसे काढण्याचे ठिकाण, रेशन दुकान आणि महसुली दाखले. पशुवैद्यकीय दवाखाना यात घ्यावा असे अनेक गावांत सुचवले जाते. ज्या घराचा संसार दोन म्हशींवर चालतो, त्या घरासाठी ती सूचना योग्यच आहे.

प्रत्येक सेवेपुढे दोन ठिकाणे लिहावीत. एक, कागदोपत्री गाव ज्या केंद्राला जोडलेले आहे ते. दुसरे, लोक प्रत्यक्षात जेथे जातात ते. ही दोन ठिकाणे वेगळी निघाली की कारण विचारावे, कारण पुढची सगळी चर्चा बहुधा त्या कारणापाशीच येऊन थांबते. जोडलेले केंद्र नदीपलीकडे असेल आणि पूल दूर असेल, तेथील डॉक्टर दुपारनंतर नसतील, किंवा केंद्र ज्या दिशेला आहे त्या दिशेला वडापच, म्हणजे माणसे भरून जाणारी खासगी जीपच, जात नसेल. बाजाराचा दिवस आणि बाजाराचे गाव कोणते, हेही लिहून ठेवावे. डोंगरी भागात वडापच्या फेऱ्या बाजाराच्या दिवशी भरपूर असतात आणि इतर दिवशी मोजक्याच, त्यामुळे लोक आजारपणसुद्धा बाजाराच्या दिवसापर्यंत ढकलत नेतात.

आधी झालेल्या नोंदीही मिळवाव्यात. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावासाठी शाळा, दवाखाना, बँक, बस अशा सुविधांची यादी आहे. सुविधा गावात नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरवर, की दहा किलोमीटरहून दूर आहे, हे त्यात सांकेतिक अक्षरांनी दाखवलेले असते. मिशन अंत्योदय या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणातही अशीच अंतराची वर्गवारी असते आणि ती माहिती ग्रामपंचायतीमार्फतच भरली जाते. आपल्या गावाविषयी त्यात काय भरले आहे ते एकदा वाचून पाहावे. तेथे एक आणि वस्तुस्थिती दुसरी असेल, तर अंतरपत्रकाची सुरुवात त्याच तफावतीने करावी.

मोजणी पारापासून सुरू करू नये

गावाचे अंतर मोजताना बहुतेक जण ग्रामपंचायतीच्या इमारतीपासून किंवा गावातल्या पारापासून मोजतात. सह्याद्रीच्या उतारावरील महसुली गाव म्हणजे एक गावठाण आणि त्याभोवती विखुरलेल्या वाड्या, काही ठिकाणी धनगरवाडे. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता असतो, पण वरच्या वाडीतून खाली यायला पाऊलवाट असते आणि आजारी माणसाला डोलीतून किंवा झोळीतून आणावे लागते. म्हणून मोजणी सर्वांत लांबच्या वस्तीच्या शेवटच्या घरापासून सुरू करावी. गावठाणाची नोंद वेगळ्या ओळीत ठेवावी, सरासरी काढू नये. सरासरी काढली की वरची वाडी कागदावरून नाहीशी होते.

दुसरी खबरदारी चालणाऱ्याची. तरण्या पोराने दुचाकीवर बसून घड्याळ लावले तर त्याच्या वेळेला काही अर्थ उरत नाही. ज्याला ती सेवा हवी आहे, त्याच्या पावलाने मोजावे : औषधासाठी म्हातारे माणूस, लसीकरणासाठी कडेवर मूल घेतलेली आई, शाळेसाठी आठवी-नववीतली मुलगी.

प्रत्येक फेरीचे तुकडे पाडून नोंद करावी. घरापासून फाट्यापर्यंतचे चालणे, गाडीची वाट पाहणे, गाडीतला प्रवास, सेवेच्या ठिकाणी गेलेला वेळ, परतीच्या गाडीची वाट, परतीचा प्रवास आणि शेवटचा चढ, असे सात तुकडे होतात. उदाहरणादाखल एक फेरी मांडून पाहू. समजा, वाडीवरील एक आजी मधुमेहाच्या गोळ्यांसाठी निघाल्या. फाट्यापर्यंत चालायला पंचेचाळीस मिनिटे लागली, वडाप भरेपर्यंत तीस मिनिटे गेली, प्रवासाला चाळीस मिनिटे, केसपेपर काढण्यापासून औषध हातात पडेपर्यंत दीड तास, परतीच्या गाडीसाठी दोन तास, पुन्हा प्रवासाची चाळीस मिनिटे आणि चढ असल्यामुळे घरी पोहोचायला एक तास. एकूण सात तास पाच मिनिटे झाली. त्यांपैकी गाडीत बसलेला वेळ एक तास वीस मिनिटे आहे आणि गाडीची वाट पाहण्यात अडीच तास गेले आहेत. रस्ता रुंद केला तर या फेरीतील दहा-पंधरा मिनिटे वाचतील. दुपारी योग्य वेळी परतीची एक गाडी लावली तर दोन तासांच्या आसपास वाचतील. रस्त्याची मागणी करू नये असा याचा अर्थ नाही, पण गावाच्या निवेदनात नेहमी पहिल्या क्रमांकावर रस्ता असतो आणि गाडीची वेळ कोठेच नसते, हे बदलायला हवे.

वेळेच्या शेजारी खर्चाचा रकाना ठेवावा. त्यात भाडे, बाहेर खाल्लेला वडापाव-चहा, सोबत नेलेल्या माणसाचे भाडे आणि दोघांची बुडालेली रोजंदारी हे सर्व येते. सोबतीचे माणूस हिशेबातून हमखास सुटते, आणि म्हातारे, गरोदर किंवा आजारी माणूस एकटे जात नसल्यामुळे खर्च प्रत्यक्षात दुप्पट असतो. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळत असले तरी ते घरापर्यंत आणायला किती पडले, हे त्यातून समजते.

शेवटचा रकाना हेलपाट्यांचा. काम एका फेरीत झाले का, की साहेब बैठकीला गेले होते, सर्व्हर बंद होता, एक झेरॉक्स कमी पडली म्हणून परत यावे लागले? शहरात राहणाऱ्याला अर्धवट राहिलेले काम उद्या करता येते. लांबच्या गावात प्रत्येक हेलपाट्याने अंतर पुन्हा पूर्णपणे मोजावे लागते, आणि दोन-तीन हेलपाट्यांनंतर माणूस दाखल्याचा नादच सोडतो. ज्या लोकांनी एखादी सेवा घेणे सोडून दिले आहे त्यांची संख्या कोणत्याच कार्यालयाकडे नसते. ती गावानेच लिहून ठेवली पाहिजे.

पावसाळ्याचे पत्रक वेगळे करावे

जानेवारीत मोजलेले अंतर जुलैमध्ये खरे राहत नाही. आपल्या जिल्ह्यात नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हेच कित्येक गावांचे रोजचे पूल आहेत. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते, परंतु इशारा पातळी येण्याच्या कितीतरी आधीच भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांवरील अनेक बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. बातम्यांत पूर यायचा असतो, पण बंधाऱ्यावरून शाळेला जाणाऱ्या मुलांसाठी तो आलेला असतो. पलीकडच्या तीरावरची शाळा मग लांबच्या पुलाला वळसा घालून गाठावी लागते, किंवा बुडते. कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळ पाणी आले की अख्खा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता.

म्हणून प्रत्येक सेवेपुढे दोन ओळी कराव्यात, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची. पावसाळ्याच्या ओळीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : कोणता बंधारा किंवा मोरी पाण्याखाली गेल्यावर वाट बंद होते, पर्यायी वाट कोणती आणि तिने किती वेळ लागतो, आणि दरवर्षी साधारण किती दिवस ही स्थिती राहते. दिवस आठवणीने सांगितलेले चालत नाहीत, कारण महापुराच्या वर्षाची आठवण इतर वर्षांवर पसरते. पाणी आले आणि ओसरले त्या तारखा शाळेच्या हजेरीपटावरून व दूध संस्थेच्या संकलन वहीवरून काढता येतात. दूध कोणत्या दिवशी गेले नाही, याची नोंद संस्था पैशांच्या हिशेबासाठी काटेकोर ठेवते. हा पुरावा कोणतेही कार्यालय सहज नाकारू शकत नाही.

आरोग्यसेवा

या भागासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा, कारण अंतराची किंमत येथे जिवाने मोजली जाते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या कारणांची मांडणी तीन विलंबांत केली : दवाखान्यात जायचे ठरवण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. ही मांडणी प्रसूतीबरोबर सर्पदंश, हृदयविकार, अपघात यांनाही लागू पडते. अंतर फक्त दुसऱ्या विलंबात आहे असे वरवर वाटते, पण ते पहिल्यातही असते. रात्री गाडी मिळणार नाही, भाड्याला पैसे लागतील आणि तिथे डॉक्टर असतीलच याची खात्री नाही, हे माहीत असलेले घर "सकाळपर्यंत बघू" असे म्हणते. त्याला अडाणीपणा म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्या घराने आपल्या अनुभवावरून केलेला तो हिशेब असतो, आणि अंतरपत्रकात तो हिशेब दिसला पाहिजे.

निकष आधी माहीत असावेत. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला आणि डोंगरी किंवा दुर्गम भागात ३,००० लोकसंख्येला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० व २०,००० ला एक, आणि त्यावरचे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचे केंद्र १,२०,००० व ८०,००० ला एक, असे लोकसंख्येचे प्रमाण आहे. विरळ वस्तीच्या तालुक्यात या निकषाची अडचण अशी की लोकसंख्या पुरी होत नाही म्हणून केंद्र मिळत नाही, आणि केंद्र लांब असल्याचा त्रास लोकसंख्या कमी असली तरी कमी होत नाही. म्हणून मागणी करताना नवीन केंद्राचा आग्रह शेवटी ठेवावा. आहे त्या केंद्रात रात्री माणूस असणे, फिरते पथक ठरल्या दिवशी येणे आणि वाहन उपलब्ध असणे या तीन गोष्टी लवकर मिळतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि भाषा नम्र ठेवावी, कारण अपुऱ्या मनुष्यबळात काम करणारी ती माणसे बहुधा आपल्याच बाजूची असतात. रात्री मुक्कामी कोण असते? सर्पविषावरील लस साठ्यात आहे का आणि ती देण्याचे प्रशिक्षण कोणाला आहे? श्वानदंशाची लस रोज मिळते की ठरावीक वारी? प्रसूतीत गुंतागुंत झाली तर रुग्ण कोठे पाठवला जातो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. साधी प्रसूती, सिझेरियन आणि रक्ताची गरज पडणारी प्रसूती यांची जवळची ठिकाणे तीन वेगळी असू शकतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे एकाच वेळी हजर नसतील तर जवळचे रुग्णालय सिझेरियनच्या दृष्टीने जवळचे राहत नाही आणि रुग्ण गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा थेट कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे, म्हणजे सीपीआरकडे निघतो. पत्रकात या तिन्हींच्या स्वतंत्र ओळी कराव्यात.

तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२ क्रमांकाचे वाहन मोफत असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरापासून रुग्णालयापर्यंत, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि सुटीनंतर घरी परत असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत आहे. परतीचे वाहन मागायचे असते हे पुष्कळांना ठाऊक नसल्यामुळे ओल्या बाळंतिणीला वडापने आणले जाते. रुग्णवाहिका रस्ता असेल तेथपर्यंतच येते. तेव्हा वरच्या वाडीसाठी गाडी थांबण्याची जागा आधीच ठरवावी, फोनवर सांगता येईल अशी तिची खूण लिहून ठेवावी आणि तेथपर्यंत आणण्याची जबाबदारी चार नावांनिशी वाटून द्यावी. वाडीवर मोबाइलला रेंज कोठे मिळते, ती जागासुद्धा पत्रकात लिहावी. ही नोंद किरकोळ वाटते, परंतु मदतीची साखळी तिच्यापासूनच सुरू होते.

सर्पदंशाच्या बाबतीत गावाने एकच गोष्ट पक्की करावी : चावलेला अवयव न हलवता रुग्णाला थेट लस असलेल्या ठिकाणी न्यायचे. घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे वळणे यांत वेळ जातो आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर लसीशिवाय उतारा नाही. म्हणूनच लस जवळच्या केंद्रात आहे की ग्रामीण रुग्णालयात, याची खात्री पेरणीच्या आणि भाताच्या कापणीच्या हंगामाआधी दरवर्षी करून घ्यावी.

सीमेलगतच्या गावांनी एक जादा रकाना ठेवावा. चंदगडच्या माणसाने बेळगावला जाणे शहाणपणाचेच आहे, पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ हवा असेल तर ते रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, आणि लागणारा उपचार तेथे त्या योजनेत बसतो का, हे आधी विचारावे. १५५३८८ या क्रमांकावर ही माहिती मिळते. नातेवाइकांनी रुग्ण दाखल केल्यावर यादी शोधायला सुरुवात केली तर पर्याय उरत नाही.

शाळा आणि एसटी

शिक्षण हक्काच्या महाराष्ट्रातील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. ती नसेल तर वाहतुकीची सोय किंवा भत्ता मागता येतो. आपल्याकडे खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. नववीपासून कायद्याची अंतरमर्यादा संपते आणि सगळी भिस्त एसटीवर येते.

ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. पास आहे आणि गाडी नाही, अशी स्थिती असेल तर त्या योजनेचा उपयोग शून्य. तेव्हा शाळेची घंटा आणि गाडीची वेळ शेजारी शेजारी लिहावी. शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी साडेचारला जाते, किंवा सकाळची गाडी आठला सोडते आणि शाळा अकराला भरते, असे साधे विसंगत वेळापत्रक वर्षानुवर्षे चालू राहते, कारण शाळा आणि आगार एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. मुख्याध्यापकांनी वर्गवार प्रवासी विद्यार्थ्यांची यादी आगार व्यवस्थापकांना पाठवली की बदल होतो; काही वेळा गाडी पंधरा मिनिटे पुढे-मागे करणे एवढेच पुरते. चंदगड, आजरा, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा, मलकापूर ही आगारे त्या त्या तालुक्यात असल्यामुळे यासाठी कोल्हापूरला जाण्याची गरज पडत नाही. मुक्कामी गाडीची मागणी करताना चालक-वाहकांच्या झोपण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय ग्रामपंचायत करील असे लेखी द्यावे. मुक्कामी गाडी बंद पडण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.

या प्रश्नाची आपल्या जिल्ह्यातील उत्तरे जुनी आहेत आणि ती आजही उपयोगी पडतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहे उभी करून खेड्यातील मुलाला शहरापर्यंत आणले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून शाळा खेड्यापर्यंत नेली. पुढे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारून संस्थाच ग्रामीण भागात रुजवली. माणूस सेवेकडे न्यायचा, सेवा माणसाकडे आणायची, की दोघांच्या मध्ये एक ठिकाण उभे करायचे, हा निर्णय प्रत्येक सेवेसाठी वेगळा घ्यावा लागतो. दहावीनंतरच्या मुलींसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृह मागणे हे प्रत्येक वाडीला गाडी मागण्यापेक्षा कधी कधी अधिक शहाणपणाचे ठरते.

बँक, रेशन, दाखले

या तिन्हींविषयी थोडक्यात सांगता येते. वित्तीय समावेशनाच्या २०१९-२०२४ च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक गावाला पाच किलोमीटरच्या परिघात बँकिंग सेवा मिळावी असे उद्दिष्ट होते; शाखा नसली तरी बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारा माणूस, चालतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आधारवर आधारित पद्धतीने घरी येऊन रोख देऊ शकतो. निराधार योजनेचे पैसे काढायला तालुक्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गावाच्या पोस्टमनशी बोलून महिन्याचा एक दिवस ठरवून घेणे, हे कोणत्याही ठरावाशिवाय होणारे काम आहे. रेशनकार्ड कोणत्याही रास्त भाव दुकानात चालते, म्हणून पलीकडच्या गावचे दुकान जवळ असेल तर तेथून धान्य घ्यावे. दाखल्यांसाठी ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र वापरावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे आणि ती उलटली तर तीस दिवसांत अपील करता येते.

सेवा ऑनलाइन झाली म्हणजे अंतर संपले, असे गृहीत धरू नये. अंगठा न उमटणे, रेंज नसणे, ई-केवायसी अडकणे यांमुळे होणारे हेलपाटे हेही अंतरच आहे. ते हेलपाट्यांच्या रकान्यात न चुकता लिहावेत.

ग्रामसभेचा ठराव

पत्रक तयार झाल्यावर ते आधी महिला ग्रामसभेत वाचावे. पाणी, दवाखाना, शाळा यांसाठीच्या फेऱ्या कोण करते हे तेथे स्पष्ट होते आणि पुरुषांनी भरलेले कित्येक आकडे तेथेच दुरुस्त होतात. मग ते मुख्य ग्रामसभेत मांडावे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते.

एका ठरावात एकच मागणी असावी आणि ती एकाच अधिकाऱ्याच्या अधिकारातील असावी. "गावाला सर्व सुविधा मिळाव्यात" असा ठराव सर्वांना पाठवला जातो आणि कोणीही त्याचे उत्तर देत नाही. मसुदा असा ठेवता येईल :

"आपल्या गावच्या … वाडीवरील … कुटुंबांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून परतण्यासाठी दुपारी बारा ते चार या वेळेत एकही एसटी नाही. सोबत जोडलेल्या अंतरपत्रकानुसार औषधोपचाराच्या एका फेरीस … तास लागतात आणि त्यांपैकी … तास परतीच्या गाडीची वाट पाहण्यात जातात. सबब, … आगाराने दुपारी दीड वाजता … ते … अशी फेरी सुरू करावी, अशी ही ग्रामसभा मागणी करीत आहे. या मार्गावरील … आणि … या ग्रामपंचायतींनीही असाच ठराव केला असून त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

शेवटचे वाक्य सर्वांत वजनदार आहे. एका गावासाठी गाडी परवडत नाही हे आगाराचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. एकाच रस्त्यावरील चार-पाच गावांनी मिळून मागितली तर ते म्हणणे टिकत नाही. आरोग्याचा ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, शाळेचा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, एसटीचा आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा, आणि प्रत्येकाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून "या ठरावावर काय कार्यवाही झाली" एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि त्यासाठी कोणाला तरी फाईल उघडावी लागते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन वैयक्तिक तक्रारींसाठी आहे, त्यामुळे अडलेला दाखला तेथे न्यावा, गावाचा सामूहिक ठराव नेऊ नये.

काही अंतरे गावाच्या ताकदीने कमी होत नाहीत आणि त्यांना वर्षे लागतात. उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले, आणि त्यामागे वकिलांचा व पक्षकारांचा काही दशकांचा लढा होता. दुपारच्या गाडीला इतका काळ लागण्याचे कारण नाही.

ठरावानंतर

मागितलेली फेरी सुरू झाली की गावाचे काम निम्मे होते. नवीन फेरी भारमान, म्हणजे गाडीतील प्रवाशांचे प्रमाण, कमी असल्याच्या कारणावरून काही महिन्यांत बंद होऊ शकते, आणि आगाराकडे प्रवाशांचा आकडा असतो तसा गावाकडे नसतो. म्हणून पहिले तीन महिने फाट्यावरील एखाद्या दुकानदाराकडे वही ठेवून रोज किती माणसे चढली-उतरली, गाडी किती वाजता आली आणि कोणत्या दिवशी आलीच नाही, हे लिहून घ्यावे. गाडी उशिरा येत असेल तर लोक वडापने निघून जातात आणि भारमान आपोआप घसरते. ही वही तो क्रम आगार व्यवस्थापकांना दाखवू शकते. त्याच काळात आधीच्याच वाडीवरून, तशाच वयाच्या माणसाच्या पावलाने, तीच फेरी पुन्हा मोजावी आणि नवीन आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहावा. जून लागला की पावसाळ्याच्या ओळीही नव्याने भराव्यात, कारण मोरी बदललेली असते, बंधाऱ्याचे कठडे वाहून गेलेले असतात, आणि एखाद्या वर्षी नवा पूल वापरात आलेला असतो.